जपानी लिहायचं कशाला, असं म्हणणाऱ्यांना

जपानी शिकायला निघालेल्या मराठी मुलामुलींना हल्ली सुरुवातीलाच एक सल्ला मिळतो: लिहिण्याच्या नादी लागू नका. ऐका, बोला, वाचायला शिका. लिहायचं काम मोबाईल करतो. त्यासाठी कारणंही तयार असतात. परीक्षेत लिहावं लागत नाही, जपानमध्ये आता सगळं टाइप करूनच होतं, आणि खुद्द जपानी लोक हाताने लिहायचं विसरत चालले आहेत. पुण्यातल्या मुलाने हा सल्ला मानला तर फारसं बिघडत नाही. तिथे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे जपानीचे वर्ग चालतात, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात, खासगी वर्ग पुष्कळ आहेत, जपानी शिकवणाऱ्या शिक्षकांची स्वतःची संघटना आहे. मुलाने वही टाळली तरी कधी ना कधी कुणीतरी शिक्षक ती मागून घेतो. गंगाखेडला बसून शिकणाऱ्याचं तसं नाही. त्याचा सगळा आधार मोबाईलवरचे धडे आणि कुठून तरी मिळवलेलं ‘मिन्ना नो निहोंगो’ हे पाठ्यपुस्तक. त्याची चूक दाखवणारं माणूस आजूबाजूला नसतं, आणि हाताने लिहू नकोस हा सल्ला सगळ्यांत जास्त नुकसान त्याचंच करतो. म्हणून या सल्ल्याचा प्रतिवाद करायचा तो या तालुक्याच्या गावातल्या नवशिक्याला समोर ठेवूनच.

हा प्रश्न आता मूठभर हौशी लोकांचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपान यांनी पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाखांहून अधिक माणसांच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. त्यात भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल आणि होतकरू लोकांचा समावेश आहे. त्याआधी, जानेवारी २०२१ मध्ये, ‘विशिष्ट कौशल्य कामगार’ या व्यवस्थेसाठी दोन्ही देशांत करार झाला होता. आयटीआय झालेली, नर्सिंग केलेली, डिप्लोमा करून घरी बसलेली मराठवाड्यातली मुलं या वाटेकडे डोळे लावून आहेत. त्यांच्या घरचे पैसे आणि त्यांची एकदोन वर्षं यात गुंतणार आहेत. त्यांना भाषा कशी शिकायची हे सांगणाऱ्याने जबाबदारीने सांगायला हवं.

आधी परीक्षेचा मुद्दा. वस्तुस्थिती म्हणून तो खरा आहे. १९८४ पासून चालणाऱ्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेत, म्हणजे जेएलपीटीत, एन-५ पासून एन-१ पर्यंत कुठेही हाताने जपानी लिहावं लागत नाही. दिलेल्या पर्यायांतला एक निवडायचा आणि गोल काळा करायचा. कामगार व्हिसासाठी चालणारी जेएफटी-बेसिक ही परीक्षा तर संगणकावरच होते. पण जेएलपीटीत बोलावंही लागत नाही. एकही वाक्य तोंडाने न उच्चारता एन-१ पर्यंत पोहोचता येतं. तरी हेच सल्लागार म्हणतात की लिहिण्याचा वेळ बोलण्यावर घाला, कारण परीक्षेपलीकडे बोलणं लागतं. त्यांचं हे म्हणणं बरोबर आहे, आणि त्याच न्यायाने परीक्षेत नाही म्हणून लिहिणं सोडा हा युक्तिवाद बाद होतो. परीक्षा काय मोजते यावरून भाषेत काय हवं हे ठरत नाही. शिवाय सगळ्याच परीक्षा तशा नाहीत. जपानी विद्यापीठांत प्रवेशासाठी परदेशी विद्यार्थ्यांची जी ईजेयू परीक्षा असते, तिच्या जपानी भाषेच्या भागात अर्ध्या तासात ४०० ते ५०० अक्षरांचा निबंध लिहावा लागतो. आज कारखान्यात जाण्याचा विचार करणारा मुलगा उद्या शिकायला जायचं ठरवेल, तेव्हा त्याला हा अर्धा तास आठवेल.

टायपिंगचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे, आणि त्याला उत्तरही सविस्तर द्यायला हवं. जपानी टाइप करताना रोमन अक्षरांत उच्चार लिहायचा, मग यंत्र त्या उच्चाराच्या कांजींची, म्हणजे जपानीतल्या चिनी मुळाच्या अक्षरांची, यादी समोर ठेवतं आणि आपण त्यातली एक निवडतो. म्हणजे आठवण्याचं काम यंत्र करतं, पण ओळखण्याचं काम आपल्याच डोळ्यांवर राहतं. आता पाहा. ‘देऊळ’ या अर्थाची एक कांजी आहे. तिच्या डावीकडे हाताचं चिन्ह आलं की ‘धरणं’, पावलाशी संबंधित चिन्ह आलं की ‘वाट पाहणं’, सूर्याचं आलं की ‘वेळ’, माणसाचं आलं की ‘सामुराई’, बोलण्याचं आलं की ‘कविता’. पाचही अक्षरांचा उजवा भाग हुबेहूब एकच. मोबाईलच्या पडद्यावर दोन-तीन मिलिमीटरच्या आकारात ही अक्षरं नुसती पाहून शिकणारा त्यांचा एकूण ठसा लक्षात ठेवतो, आणि ठसा तर सगळ्यांचा सारखाच. ‘धरणं’ आणि ‘वाट पाहणं’ यांत तो महिनोन्‌महिने अडखळतो. ज्याने दोन्ही हाताने लिहिली आहेत त्याच्या हाताने डावीकडे दोन वेगळ्या हालचाली केलेल्या असतात, म्हणून त्याला फरक शोधत बसावं लागत नाही. हा नुसता तर्क नाही. मारिएके लाँगकां आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रौढ माणसांना अनोळखी अक्षरं शिकवली होती, काही हाताने लिहून आणि काही कीबोर्डवर टाइप करून. नंतर ती अक्षरं त्यांच्या आरशातल्या उलट्या प्रतिमांपासून वेगळी ओळखायला सांगितली, तेव्हा हाताने लिहिलेली अक्षरं जास्त चांगली ओळखली गेली आणि तो फरक काही आठवडे टिकला. म्हणजे हाताने लिहिणं ही वाचनाचीच तयारी आहे. वाचनाला महत्त्व देणाऱ्याने ती गाळायला सांगणं हे त्याच्याच हेतूच्या विरुद्ध जातं.

तिसरं कारण जपानी लोकांच्या विसरण्याचं. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत ६६.५ टक्के लोकांनी कबूल केलं की ईमेल वगैरेंमुळे कांजी हाताने बिनचूक लिहिण्याची आपली शक्ती कमी झाली. हा आकडा नवशिक्यांपुढे नेहमी टाकला जातो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. त्या लोकांनी लहानपणी शाळेत वर्षानुवर्षं चौकटीच्या वह्या भरलेल्या आहेत. आज जपानच्या प्राथमिक शाळेत सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवतात, आणि नेहमीच्या वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ आहेत. ज्याने हे सगळं एकदा हाताखालून घातलं, तो पुढे लिहायचं विसरला तरी वाचायचं विसरत नाही. आपला नवशिका मुळात काही शिकलेलाच नाही. शिकून विसरलेला आणि कधीच न शिकलेला यांना एकाच रांगेत बसवून ‘त्यांचं चालतं तर तुमचंही चालेल’ असं सांगणं हे गैरलागू आहे.

इथवर लिहिण्याची बाजू झाली. पण अक्षर सुधारण्याचं काय? इथे आणखी एक आक्षेप येतो, आणि तो मला जास्त प्रामाणिक वाटतो: लिहा हवं तर, पण वळणाच्या मागे कशाला लागता, सुलेखन हा जपान्यांचा छंद आहे, आपल्याला पोट भरायचं आहे. सुलेखन आणि सुवाच्य अक्षर यांत गल्लत झाल्यामुळे हा आक्षेप निघतो. ब्रश, शाई आणि खास कागद घेऊन केलेलं लेखन ही कला आहे आणि ती नवशिक्याने करावी असं कुणी म्हणत नाही. नवशिक्याला हवं आहे ते अक्षर दुसऱ्याला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःला, न अडखळता वाचता यावं. त्यासाठी कोणता फरक अर्थ बदलतो आणि कोणता बदलत नाही हे कळावं लागतं. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यात शिरोरेषेतल्या एवढ्याशा खंडाचा फरक आहे. तो चुकला की अक्षर बदलतं. गंगाखेडच्या नावातल्या ‘ख’चे दोन भाग खाली जोडले नाहीत तर वाचणारा ‘रव’ वाचतो. उलट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपं शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ठरवून दिली असली, तरी हिंदी वळणाचा ‘ल’ लिहिलेला कागद आपण अडल्याशिवाय वाचतो. जपानीतही हेच आहे. दोन आडव्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक उभी रेघ, यांत खालची आडवी लांब असेल तर ‘माती’, वरची लांब असेल तर ‘योद्धा’. हा फरक अर्थाचा आहे. पण ‘झाड’ या कांजीतल्या उभ्या रेघेच्या टोकाला आकडा काढला काय किंवा रेघ सरळ थांबवली काय, अक्षर झाडच राहतं.

आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. जपानच्या सांस्कृतिक मंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये नेहमीच्या वापरातल्या कांजींच्या रूपांबद्दल एक सविस्तर मार्गदर्शिका दिली, आणि तिच्यात स्पष्ट म्हटलं आहे की हाताने लिहिताना टोक थांबवणं, आकडा काढणं, फटकारा मारणं अशा बारकाव्यांत फरक असला तरी अक्षराचा सांगाडा बरोबर असेल तर ते चुकीचं धरू नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेइवा’ कालखंडाच्या नावातली पहिली कांजी घ्या. तिचा खालचा भाग छापील ठशात एका आकाराचा दिसतो आणि हाताने लिहिताना बहुधा दुसऱ्या; दोन्ही ग्राह्य आहेत. रेघांच्या क्रमाबद्दल १९५८ मध्ये जपानच्या शिक्षण मंत्रालयाने शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती. त्या पुस्तिकेतही म्हटलं आहे की इथे दिलेल्या क्रमाखेरीज दुसरा क्रम चूकच असतो असं नाही. तेव्हा एखादा आकडा राहिला म्हणून मुलाच्या वहीवर लाल फुली मारणारा शिक्षक, आणि मुळात लिहूच नका म्हणणारा सल्लागार, हे दोघंही अक्षराकडे पाहत नाहीत. सुवाच्यतेचं हे भान आपल्याकडेही जुनं आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबच्या समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यावर खर्च केला आहे: अक्षरं सुटी आणि सारख्या मापाची असावीत, ओळी सरळ असाव्यात, भोवती जागा सोडावी, फार बारीक लिहू नये. अख्ख्या समासाचा रोख वाचणाऱ्याच्या सोयीवर आहे.

मराठी हाताला जपानीत नेमकं काय आडवं येतं, याचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं. आपल्या हाताला पहिलीपासून सवय असते ती वरची कड पकडून खाली उतरायची. अक्षराचा तळ थोडा वरखाली झाला तरी शिरोरेषा सगळं सांभाळून घेते. मोडीत तर रेघ आधी ओढून मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची रीत होती. जपानी अक्षराला अशी रेघ नाही. ते एका अदृश्य चौकोनाच्या मध्यावर बसतं आणि चारही बाजूंना समतोल मागतं. त्यामुळे मराठी नवशिक्याची जपानी अक्षरं ओळीच्या वरच्या कडेला चिकटतात, खाली मोकळी जागा राहते आणि एक अक्षर मोठं तर दुसरं लहान होतं. त्यात जपानीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ‘सूर्य’ आणि ‘चंद्र’ शेजारी मिळून ‘उजेड’ ही एक कांजी होते. हे दोन भाग थोडे दूर पडले की वाचणाऱ्याला एका अक्षराऐवजी दोन दिसतात. म्हणून जागेचं भान हा जपानी अक्षराच्या अर्थाचाच भाग आहे. यावर उपाय सोपा आहे आणि गंगाखेडच्या कुठल्याही वह्यापुस्तकांच्या दुकानात मिळतो: गणिताची चौकटीची वही. चार चौकटींचा एक चौकोन धरायचा, म्हणजे मधोमध आपोआप उभी-आडवी फुली मिळते. जपानमधली लहान मुलं ज्या वहीवर लिहायला शिकतात तिच्या प्रत्येक घरात अशीच फुली तुटक रेघांनी छापलेली असते. एकेक रेघ त्या फुलीच्या कोणत्या भागात सुरू होते आणि कुठे संपते हे पाहून लिहिलं की आठवड्याभरात अक्षर खाली उतरून मध्यावर बसतं. पेनाऐवजी मऊ शिशाची पेन्सिल वापरली तर रेघ कुठे दाबून थांबली आणि कुठे निसटली हेही कागदावर दिसतं.

काताकाना लिपीतली चार अक्षरं तर रेघेच्या दिशेच्या भानाचा कस पाहतात. ‘शि’ आणि ‘त्सु’ या दोन्हींत दोन छोट्या रेघा आणि एक लांब रेघ. ‘न’ आणि ‘सो’ या दोन्हींत एक छोटी आणि एक लांब. ‘शि’च्या छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक आणि आडव्या झुकावाच्या, लांब रेघ खालून वर उजवीकडे जाते. ‘त्सु’च्या छोट्या रेघा वर शेजारी शेजारी आणि उभ्या झुकावाच्या, लांब रेघ वरून खाली डावीकडे उतरते. ‘न’ची लांब रेघ खालून वर, ‘सो’ची वरून खाली. छापील अक्षर नुसतं पाहणाऱ्याला हे कळत नाही, कारण पूर्ण झालेल्या रेघेला दिशा नसते. दिशा असते ती लिहिण्यात. परदेशी माणसाचं नाव जपानमध्ये काताकानात लिहितात. ‘शिंदे’ हे नाव ‘शि’, ‘न’, ‘दे’ असं लिहायचं. दिशेचं भान नसलेल्या हाताने ते लिहिलं की वाचणारा ‘त्सुसोदे’ वाचतो. आपल्याच नावाच्या तीन अक्षरांतली दोन चुकतात, आणि तीही अशा ठिकाणी जिथे नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळायला हवं.

मोबाईलवरून नक्कल करून लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण येते, आणि ती सांगणारं कुणी नसतं. छापील ठसा आणि हाताचं अक्षर जपानीत वेगळं असतं. हिरागाना लिपीतल्या ‘सा’ आणि ‘कि’ यांचा खालचा बाक छपाईत वरच्या रेघेला जोडलेला असतो. हाताने लिहिताना तिथे हात उचलतात आणि बाक सुटा राहतो. त्याहून घातक म्हणजे फोनमध्ये जपानी भाषा निवडलेली नसेल तर कांजी पुष्कळदा चिनी ठशात दिसतात. ‘हाड’ या कांजीच्या वरच्या भागातला छोटा कोपरा जपानी ठशात एका बाजूला असतो आणि चिनी ठशात दुसऱ्या. नवशिका मन लावून गिरवतो ते चिनी रूप. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जपानी भाषा जोडून घ्यावी, आणि नमुना म्हणून शालेय पुस्तकांचा ‘क्योकाशो’ ठसाच घ्यावा, कारण तो हाताच्या अक्षराजवळ जाण्यासाठीच बनवलेला आहे. लिहू नका म्हणणाऱ्यांचा मोबाईल इथे परीक्षक म्हणूनही कामाला लावता येतो: जपानी हस्तलेखनाचा कीबोर्ड उघडून बोटाने अक्षर काढा आणि पहिल्या पर्यायात तेच येतं का ते पाहा. यंत्र बरंच समजून घेतं, म्हणून ही शेवटची कसोटी नव्हे; पण यंत्रालाही जे ओळखू येत नाही ते पुन्हा तपासून पाहावं.

लिहिण्याविरुद्धची चीड जिथून येते ते कारण मात्र मला मान्य आहे. अनेक ठिकाणी लिहिण्याचा सराव म्हणजे एकच अक्षर शंभर वेळा काढणं. दहाव्या वेळेनंतर मुलगा नमुन्याकडे पाहत नाही, वरच्या ओळीत स्वतः काढलेल्या अक्षराची नक्कल करतो. चूक पानभर खाली उतरत जाते आणि पक्की होते. असा सराव करण्यापेक्षा न केलेला बरा, इथे सल्लागारांशी माझा वाद नाही. पण वाईट सरावावर उपाय म्हणून सरावच सोडणं याला काय अर्थ? नमुना नीट पाहावा, रेघा मोजाव्यात, मग नमुना झाकून आठवणीतून एकदा लिहावं आणि उघडून जुळवून पाहावं. कुठे चुकलं तेवढंच पुन्हा लिहावं. दिवसाला पाच-सहा अक्षरं अशी झाली तरी पुष्कळ. या रीतीने लिहिणाऱ्याची नजर तयार होते, आणि अक्षर सुधारतं ते नजर सुधारल्यावरच. हिरागानातल्या ‘नु’ आणि ‘मे’ यांत शेवटच्या गाठीचा फरक आहे, ‘ने’, ‘रे’ आणि ‘वा’ यांत शेपटीचा. आठवणीतून लिहिताना हे एकदा चुकलं की पुन्हा सहसा चुकत नाही.

हे सगळं करून प्रत्यक्षात उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी जपानमध्ये पोहोचलेल्या माणसाचे पहिले दिवस डोळ्यांसमोर आणावेत. राहण्याचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत जाऊन तो नोंदवावा लागतो. काही नगरपालिकांनी आता न लिहिता काम होईल अशा खिडक्या सुरू केल्या आहेत, आणि पुढे त्या वाढतीलही. पण बँकेचा, घरभाड्याचा, दवाखान्याचा कागद अजून पुष्कळ ठिकाणी हातानेच भरावा लागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुसऱ्यांचं अक्षर वाचणं. कारखान्यातल्या फळ्यावर पाळी संपवून जाणाऱ्याने घाईत लिहिलेली सूचना, वृद्धाश्रमात रात्रपाळीच्या सेविकेने सकाळच्या माणसासाठी ठेवलेली चिठ्ठी, यांत छापील ठसा नसतो. घाईत लिहिताना रेघा एकमेकींत मिसळतात, आणि त्या मिसळतात ते लिहिण्याच्या क्रमानेच. ज्याला क्रम माहीत आहे त्याला त्या मिसळलेल्या रेघा उलगडता येतात. ज्याने फक्त छापील अक्षर पाहिलं आहे त्याच्यासाठी ती चिठ्ठी कोरीच. आजीला औषध दिलं की द्यायचं आहे, हे त्या चिठ्ठीत असू शकतं. तिथे भाषांतराच्या अ‍ॅपचा कॅमेरा काढता येईल, पण घाईचं अक्षर वाचताना तो चुकतो, आणि चूक झाली आहे हे ओळखायलाही वाचता यावंच लागतं.

शेवटचा आक्षेप गावाचा. वर्ग नाही, शिक्षक नाही, मग एवढा खटाटोप शहरातल्या मुलांनी करावा. मराठवाड्यातल्याच एका शाळेने याला उत्तर दिलेलं आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ मध्ये मुलांना कोणती परकीय भाषा शिकायची असं विचारलं, तेव्हा यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने त्यांनी जपानी निवडली. हाताशी पुस्तक नव्हतं, शिकवणारं नव्हतं. इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अ‍ॅप यांवर सुरुवात झाली, आणि पुढे शहरातल्या एका जाणकाराने त्यांना ऑनलाइन विनामूल्य शिकवलं. खेड्यातल्या मुलाला जपानी झेपत नाही हे म्हणणं तिथेच संपलं. मराठी मुलाकडे एक मोठी पुंजीही आहे. जपानी वर्णांचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म असा चालतो. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपी आणि संस्कृत वर्णांचा अभ्यास केला, त्यातून तो क्रम आला. ज्याने बाराखडी घोकली आहे त्याला तो तक्ता परका वाटत नाही. अडतो तो फक्त हात, आणि हाताला वळण लावायला एक वही, एक पेन्सिल आणि रोजची वीस मिनिटं पुरतात. शिक्षक नसलेल्या ठिकाणी तर वहीचं मोल आणखी वाढतं, कारण ऐकताना आणि वाचताना आपल्याला कळल्यासारखं वाटतं, पण झाकून लिहिताना कळलं की नाही ते लगेच उघड होतं.

म्हणून गंगाखेड, पालम, सोनपेठ, पूर्णा इथल्या ज्या पालकांनी मुलामुलींना जपानीसाठी ऑनलाइन वर्गात घातलं आहे किंवा घालणार आहेत, त्यांना माझं एक सांगणं आहे. वर्गाची फी भरण्याआधी चालकांना विचारा: पहिल्या महिन्यात मुलाला हाताने लिहायला लावता का, आणि त्याच्या वहीच्या पानाचा फोटो कोण तपासतं? या दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही तर फी भरू नका, दुसरा वर्ग शोधा.